अंगावर घेतलेले विज्ञान

गडचिरोली, नंदुरबार किंवा मेळघाटात काम केलेल्या आरोग्यसेविकेला सिकलसेल म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. बोटातून थेंबभर रक्त घ्यायचे, आधी सोल्युबिलिटी चाचणी करायची, ती पॉझिटिव्ह आली की नमुना इलेक्ट्रोफोरेसिसला पाठवायचा, आणि मग घरच्यांना सांगायचे की पोरगी नुसती वाहक आहे की रुग्ण. आईवडील दोघांकडूनही ते जनुक आले असेल तर तांबड्या पेशी विळ्याच्या आकारात वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हातपाय ठणकतात, रक्त कमी होत जाते. उपचार हाताशी नव्हते त्या काळात अशी बरीच मुले वयात येण्याआधीच जात. म्हणजे दर पिढीत या जनुकाचा काही हिस्सा माणसांबरोबर मातीत जात होता. मग ते संपले का नाही? आणि हिवतापाच्या मुलखात, जंगलपट्टीतच ते एवढ्या मोठ्या प्रमाणात का सापडते?

या कोड्याची किल्ली १९४९ साली छापून आली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले प्राध्यापक जे. बी. एस. हॉल्डेन यांच्यासमोर सिकलसेल नव्हता, भूमध्य समुद्राच्या काठच्या लोकांमधला थॅलेसेमिया होता. तोही तसाच: दोन्हीकडून जनुक आले की त्या काळी मूल दगावत असे, एकाच बाजूने आले की माणूस जगे. हे जनुक मरते त्याच वेगाने नव्याने तयारही होत असावे, असे काही संशोधकांचे म्हणणे होते. हॉल्डेन यांना तो वेग अशक्य वाटला. त्यांनी सुचवले की एकच सदोष जनुक असलेल्या माणसाच्या तांबड्या पेशी हिवतापाच्या जंतूला दाद देत नसाव्यात. हिवतापाच्या गावात निरोगी जनुकांचे मूल तापाने जाते, दोन सदोष जनुकांचे मूल रक्ताच्या आजाराने जाते, आणि मधले, एकच जनुक असलेले, तगून राहते. पाच वर्षांनी, १९५४ साली, अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत सिकलसेलच्या बाबतीत नेमके हेच दाखवून दिले. भारतात हे जनुक पहिल्यांदा १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींमध्ये नोंदले गेले होते. आज सातपुड्यातल्या एखाद्या गावात वाहकांचे प्रमाण एवढे का, असे कोणी विचारले तर जे उत्तर दिले जाते त्याच्या मुळाशी हॉल्डेन यांचा हा विचार आहे.

त्यांचे निवडक लेख या पुस्तकातून मराठीत येत आहेत. डार्विनचा निसर्गनिवडीचा सिद्धांत आणि मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम यांची गणिती सांगड तिघांनी घातली: रोनाल्ड फिशर, सूअल राइट आणि हॉल्डेन. यांपैकी फिशर आणि राइट बहुतांशी आपापल्या विषयाच्या वर्तुळात राहिले. हॉल्डेन बाहेर पडले. कामगारांच्या एका दैनिकात त्यांनी तीनशेहून अधिक लेख लिहिले, युद्धाच्या काळात सरकारशी भांडले, रेडिओवर बोलले, कम्युनिस्ट पक्षात गेले, पक्षातून निघाले, आणि शेवटी देश बदलून आपल्याकडे आले. शास्त्रज्ञाने सार्वजनिक प्रश्नांवर बोलावे का, आणि बोलला तर त्याच्या शब्दाला वजन कशाने येते, याचा एवढा भरगच्च वस्तुपाठ दुसऱ्या कोणाच्या आयुष्यात मला दिसत नाही. माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. ज्या विधानामागे त्यांनी स्वतः केलेला हिशेब होता किंवा स्वतःच्या देहावर घेतलेला अनुभव होता, ते विधान टिकले. जिथे त्यांनी दुसऱ्याच्या भरवशावर शब्द टाकला, तिथे ते घसरले. हे दोन्ही पाहिल्याशिवाय हॉल्डेन समजत नाहीत.

जन्म ५ नोव्हेंबर १८९२, ऑक्सफर्ड. वडील जॉन स्कॉट हॉल्डेन हे श्वसनाचे मोठे अभ्यासक. कोळशाच्या खाणीत स्फोट झाला की त्यांना बोलावणे येई, आणि माणसे स्फोटाने मेली की वायूने, हे ते खाली उतरून तपासत. विषारी वायूची चाहूल लागावी म्हणून खाणीत लहान पक्षी न्यायची पद्धत त्यांच्या सल्ल्यातून आली. पाणबुड्यांनी खोल पाण्यातून किती टप्प्यांनी वर यावे याची कोष्टके त्यांनीच १९०८ मध्ये बसवली. हे गृहस्थ आपल्या मुलाला बरोबर नेत. स्टॅफर्डशायरमधल्या एका खाणीत त्यांनी छोट्या जॅकला उभे केले आणि शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मधले अँटनीचे भाषण म्हणायला सांगितले. काही ओळी झाल्या, मुलाला धाप लागली, पाय लटपटले आणि तो खाली कोसळला. जमिनीलगत पडल्यावर त्याला पुन्हा नीट श्वास येऊ लागला. मिथेन हवेपेक्षा हलका असतो, तो छताशी साठतो, हे त्या मुलाला कोणी वेगळे शिकवावे लागले नाही. मुलाला असे वाढवावे की नाही, यावर वाद होऊ शकेल. पण प्रयोगात आधी स्वतः उभे राहायचे हा दंडक हॉल्डेन यांच्या हाडात मुरला तो इथे.

शाळा ईटनची. तिथे त्यांचा भरपूर छळ झाला. ऑक्सफर्डला गणितापासून सुरुवात करून ते ग्रीक-लॅटिनकडे वळले आणि १९१४ साली त्याच विषयात पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. विज्ञानाची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती! आनुवंशिकी ते घरी शिकले. धाकटी बहीण नेओमी, पुढे नेओमी मिचिसन म्हणून नावाजलेली कादंबरीकार, घरात प्राणी पाळत असे, त्यांच्या वंशावळ्या दोघे मिळून ठेवत. त्यातूनच सस्तन प्राण्यांमध्ये दोन जनुके जोडीने पुढच्या पिढीत जातात हे दाखवणारा पहिला लेख तयार झाला. तो १९१५ साली छापला गेला तेव्हा तीन लेखकांपैकी एक, ए. डी. स्प्रंट, युद्धात मारला गेला होता, आणि हॉल्डेन स्वतः सैन्यात होते.

युद्धात ते ब्लॅक वॉच या पलटणीत होते. जर्मनांनी क्लोरीन सोडल्यावर वडिलांना तातडीने फ्रान्सला बोलावले गेले. मुलगा खंदकातून येऊन त्यांच्या हाताखाली क्लोरीनच्या खोलीत मुखवटे लावून बसू लागला. हॉल्डेन दोनदा जखमी झाले, दुसऱ्यांदा मेसोपोटेमियात, आणि उपचारांसाठी हिंदुस्थानात पाठवले गेले. काही काळ ते महू येथे बाँबफेकीचे शिक्षण देत होते. तेच महू, जिथे त्यांच्या जन्माच्या आदल्या वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर जन्मले. या मुक्कामात हॉल्डेन यांना देश आवडला आणि त्यातली स्वतःची जागा आवडली नाही. इथल्या माणसांशी बरोबरीने वागता येईल तेव्हाच पुन्हा यायचे, असे त्यांनी ठरवले. त्याला चाळीस वर्षे लागली.

युद्धानंतरच्या पंधरा वर्षांत त्यांनी जे काम केले त्यावर तीन माणसांची कारकीर्द उभी राहिली असती. १९१९ साली त्यांनी गुणसूत्रावरील जनुकांमधले अंतर काढायचे सूत्र दिले. इथे आपल्या जवळचे एक नाव येते. हॉल्डेन यांच्या सूत्रात असे धरले होते की गुणसूत्रात एका ठिकाणी अदलाबदल झाली तरी शेजारच्या ठिकाणी होणाऱ्या अदलाबदलीवर तिचा परिणाम होत नाही. प्रत्यक्षात होतो. तो परिणाम धरणारे नेटके सूत्र १९४४ साली मांडले ते पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी. भाताचा किंवा गव्हाचा जनुकीय नकाशा तयार करणारा आजचा विद्यार्थी संगणकासमोर बसतो तेव्हा त्याला मुख्यतः दोन नावांतून निवड करावी लागते: हॉल्डेन की कोसंबी. दोघेही गणिती, दोघेही मार्क्सवादी, दोघेही आपल्या विषयाच्या कुंपणाबाहेर जाऊन लिहिणारे. कोसंबींनी जुन्या नाण्यांची वजने घेऊन इतिहास मांडला. मोजण्याची ही ओढ दोघांत सारखीच आहे.

१९२३ मध्ये हॉल्डेन केंब्रिजला गेले ते जीवरसायनशास्त्र शिकवायला. विकरांच्या वेगाचे ब्रिग्ज-हॉल्डेन समीकरण तिथले, १९२५ चे. त्याच सुमारास एका विवाहित स्त्रीच्या घटस्फोटात त्यांचे नाव आले, विद्यापीठाने अनैतिक वर्तनाचा ठपका ठेवून काढून टाकले. त्यांनी अपील केले, जिंकले, परत आले आणि त्या शार्लटशी लग्न केले. त्या प्रकरणावर जास्त शाई खर्च करण्याजोगे काही नाही.

थांबावे ते १९२४ च्या एका लेखापाशी. निसर्गनिवडीच्या गणितावर त्यांनी पुढच्या दहा वर्षांत दहा लेख लिहिले, त्यातला हा पहिला. मँचेस्टरच्या आसपास पेपर्ड मॉथ नावाचा एक पतंग असतो. पंख फिकट, त्यावर मिरी भुरभुरल्यासारखे ठिपके. १८४८ साली त्या भागात एक काळा पतंग सापडला. पन्नासएक वर्षांत काळेच सगळीकडे दिसू लागले, फिकट दुर्मीळ झाले. कारखान्यांच्या काजळीने झाडे काळवंडली होती आणि काळ्या खोडावरचा फिकट पतंग पाखरांना चटकन दिसे, हा अंदाज लोकांना होताच. हॉल्डेन यांनी विचारले: किती फरक पडत असला पाहिजे? वर्षाला एक पिढी, म्हणजे पन्नास पिढ्या. काळेपणाचे जनुक प्रभावी. सुरुवातीला शंभरात एखादा काळा, शेवटी शंभरात एखादा फिकट. एवढ्या पिढ्यांत एवढी उलथापालथ व्हायची तर काळ्या पतंगाची मागे राहणारी पिल्ले फिकट पतंगाच्या जवळजवळ दीडपट असली पाहिजेत. निसर्गनिवड फार संथ, एखाद्या टक्क्याच्या फरकाने काम करते, अशी तोवरची समजूत होती. हा आकडा पन्नास टक्क्यांचा निघाला. तीस वर्षांनी बर्नार्ड केटलवेल यांनी बर्मिंगहॅमजवळच्या रानात खुणा केलेले पतंग सोडून पुन्हा पकडले, तेव्हा फरक खरोखरच तसा मोठा आढळला. डार्विनच्या सिद्धांताला इतके दिवस उदाहरणे होती, हॉल्डेन यांनी त्याला आकडे दिले. १९३२ साली ‘द कॉजेस ऑफ इव्होल्यूशन’ या पुस्तकात त्यांनी हे सगळे एकत्र मांडले.

सामान्य वाचकांसाठी ते या काळातच लिहू लागले. १९२३ मध्ये केंब्रिजच्या एका मंडळात त्यांनी ‘डीडलस’ हे व्याख्यान दिले: कोळसा संपल्यावर इंग्लंड पवनचक्क्यांच्या विजेने हायड्रोजन काढून साठवेल, आणि मुले आईच्या पोटाबाहेर वाढवली जातील. पुढच्या वर्षी ते पुस्तकरूपाने आले आणि खूप खपले. आल्डस हक्सलीच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मधल्या बाटलीतल्या बाळांचे मूळ तिथे आहे. पण माझ्या मते त्यांचा कस लागला तो भविष्यवाण्यांपेक्षा साध्या निबंधांत. प्राण्यांच्या आकारावरचा १९२६ चा निबंध घ्या. त्यातला मुद्दा एका ओळीत सांगता येतो: लांबी दहापट झाली की पृष्ठभाग शंभरपट होतो आणि वजन हजारपट. मग हॉल्डेन त्या एका गोष्टीतून काय काय काढतात! उंदीर खोल खाणीत पडला तरी उठून चालू लागतो, घोडा वाचत नाही, कारण हवा अडवते पृष्ठभागाला आणि ओढ लागते वजनाला. आंघोळ करून बाहेर आलेल्या माणसाच्या अंगावर अर्ध्या किलोच्या आसपास पाणी असते, भिजलेल्या उंदरावर त्याच्या स्वतःच्या वजनाएवढे, आणि माशी भिजली तर ती त्या पाण्याखालून सुटत नाही. तिथून ते फुप्फुसांच्या घड्यांकडे जातात, आतड्यांच्या लांबीकडे जातात आणि शेवटी मानवी संस्थांच्या आकारापर्यंत पोचतात. शाळेतल्या भूमितीवर एवढे उभे राहते, हे पाहून आजही वाचक हरखतो.

जीवाच्या उत्पत्तीवरचा १९२९ चा निबंध असाच छोटा आणि दूरगामी. ऑक्सिजन नसलेल्या प्राचीन हवेत, सूर्याच्या अतिनील किरणांनी, समुद्रात सेंद्रिय द्रव्ये साठत गेली आणि त्यातून जीव आला, ही कल्पना रशियात ओपारिन यांनी १९२४ साली मांडली होती, हॉल्डेन स्वतंत्रपणे तिथे पोचले.

१९३३ मध्ये ते लंडनला आले आणि त्याच वर्षी जर्मनीत नाझींनी सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. इंग्लंड-अमेरिकेतही सुप्रजननवाद्यांचा जोर होता. आनुवंशिक व्यंग असलेल्यांना मूल होऊ दिले नाही की दोन-चार पिढ्यांत समाज शुद्ध होईल, असे शिकलेली माणसे बोलत. हॉल्डेन यांनी भाषणबाजीऐवजी आकडेमोड पुढे ठेवली. समजा, एखादे अप्रभावी जनुकाचे व्यंग दहा हजारांत एकाला आहे. म्हणजे ते जनुक शंभरात एक या प्रमाणात आहे, आणि पन्नासातला जवळजवळ एक धडधाकट माणूस ते नकळत बाळगून आहे. त्या दहा हजारांतल्या एका माणसाची नसबंदी केलीत तर समाजातल्या त्या जनुकाचा शेकडा एक भाग तुम्ही अडवलात. उरलेले नव्याण्णव भाग निरोगी लोकांच्या घरांत आहेत. या वेगाने जनुकाचे प्रमाण निम्म्यावर यायला शंभर पिढ्या लागतात, म्हणजे अडीच हजार वर्षे. असा युक्तिवाद त्यांनी पुन्हा पुन्हा केला आणि १९३८ मध्ये ‘हेरेडिटी अँड पॉलिटिक्स’मध्ये विस्ताराने मांडला. आपल्याकडे अजून एखाद्या वाहक मुलीचे लग्न मोडते, तिच्या घराण्यालाच दोष दिला जातो. पन्नासात एक हा हिशेब समजलेला माणूस दुसऱ्याच्या घराण्याकडे बोट दाखवताना थबकेल, अशी मला आशा वाटते.

स्पेनच्या यादवीत प्रजासत्ताकाच्या बाजूने विषारी वायू आणि बाँबहल्ल्यांवर सल्ला द्यायला ते तीनदा गेले. माद्रिदवरचे हल्ले त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते, त्यामुळे परतल्यावर ‘ए. आर. पी.’ हे पुस्तक लिहून सामान्य लंडनकरांसाठी खोल भुयारी निवारे बांधा, असा त्यांनी धोशा लावला. सरकारला तो खर्च मान्य नव्हता. पुढे लंडनवर बाँब पडले तेव्हा लोकांनी स्वतःहून भुयारी रेल्वेच्या स्थानकांत पथाऱ्या टाकल्या.

१ जून १९३९ रोजी ‘थेटिस’ ही नवी पाणबुडी लिव्हरपूलजवळच्या समुद्रात चाचणीच्या वेळी बुडाली. ९९ माणसे गेली, त्यांत जहाजबांधणीतले कामगार बरेच. माणसे बाहेर का पडू शकली नाहीत, हे कामगार संघटनांना जाणून घ्यायचे होते, आणि त्या हॉल्डेन यांच्याकडे आल्या. हॉल्डेन यांनी काय केले? स्पेनमध्ये लढून आलेल्या चौघांना बरोबर घेतले आणि लोखंडी कोठडीत स्वतःला कोंडून घेतले. आतला कार्बन डायऑक्साइड वाढू दिला, डोके फुटायला लागले, उलट्या झाल्या, आणि अशा स्थितीत सुटकेचे उपकरण वापरताना माणसाचे काय होते याच्या नोंदी केल्या. युद्धभर नौदलासाठी हे काम चालू राहिले. दाबाखालच्या नायट्रोजनने येणारी गुंगी, शुद्ध ऑक्सिजनने येणारे झटके, बर्फाच्या पाण्यातला दाब, सगळे आधी त्यांच्यावर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर. या सहकाऱ्यांत हेलन स्पर्वे होत्या, ज्या पुढे त्यांच्या दुसऱ्या पत्नी झाल्या. स्पेनचे पदच्युत पंतप्रधान, मुळात शरीरक्रियाशास्त्रज्ञ असलेले ह्वान नेग्रिन, हेही एकदा कोठडीत बसले. अशाच एका झटक्यात हॉल्डेन यांचे पाठीचे मणके चेपले. ते दुखणे जन्माचे सोबती झाले.

‘डेली वर्कर’ या कम्युनिस्ट दैनिकातली लेखमाला १९३७ च्या अखेरीस सुरू झाली होती आणि बारा-तेरा वर्षे चालली. पाळी संपवून घरी निघालेला कामगार हा त्यांचा वाचक. त्याला ठाऊक असलेल्या गोष्टीने सुरुवात करायची, एखाद्या अपघाताने, एखाद्या अन्नपदार्थाने, बातमीने, आणि तिथून पायरीपायरीने विज्ञानात न्यायचे. वाक्ये आखूड, आकडे नेमके, वाचकाला अडाणी समजून केलेले सोपेकरण कुठेच नाही. या लेखमालेमागे त्यांची एक ठाम धारणा होती. विज्ञानाला लागणारा पैसा लोकांचा आहे, त्याचे परिणाम लोकांच्या अंगावर येतात, तेव्हा ते समजून घेण्याचा पहिला हक्क लोकांचा आहे. मला ही धारणा आजही तितकीच खरी वाटते.

आणि आता लायसेन्को. हा भाग मी झाकणार नाही. सोव्हिएत रशियात ट्रोफिम लायसेन्को हा कृषितज्ज्ञ म्हणू लागला की मेंडेलची जनुके ही भांडवलदारी थोतांड आहेत, पिकांना वाढवताना जशी सवय लावावी तसे गुण पुढच्या पिढीत उतरतात. स्टालिनचा त्याला पाठिंबा होता. ऑगस्ट १९४८ च्या अधिवेशनात त्याने पक्षाची मंजुरी जाहीर केली आणि मेंडेलची आनुवंशिकी शिकवणाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. त्याआधीच, १९४० मध्ये, जगभरच्या पिकांचे वाण गोळा करणारे निकोलाय वाव्हिलोव यांना अटक झाली होती, आणि २६ जानेवारी १९४३ रोजी ते सारातोवच्या तुरुंगात मरण पावले. १९२८ साली हॉल्डेन यांना रशियात बोलावणारे यजमान हेच वाव्हिलोव.

हॉल्डेन १९४२ पासून पक्षाचे उघड सभासद होते. नोव्हेंबर १९४८ मध्ये बीबीसीने चार आनुवंशिकी-तज्ज्ञांना या विषयावर बोलावले: फिशर, डार्लिंग्टन, हार्लंड आणि हॉल्डेन. तिघांनी स्पष्ट निषेध केला. हॉल्डेन हातचे राखून बोलले; लायसेन्कोच्या काही दाव्यांत तथ्य असू शकेल, सगळा पुरावा हाती आल्याशिवाय निकाल देऊ नये, असा त्यांचा सूर होता. आपल्या वर्गात त्यांनी मेंडेल शिकवणे एक दिवसही थांबवले नाही, १९४९ मध्ये आनुवंशिकीच्या बचावाचा लेखही लिहिला. पण ज्याने काळ्या पतंगाचा हिशेब पन्नास पिढ्यांवर मांडला, त्याने लायसेन्कोच्या गव्हाचे आकडे मागायला हवे होते. ते मोठ्याने मागितले असते तर जगाने ऐकले असते. इथे त्यांनी स्वतः मोजले नाही, पक्षाने मोजलेले अर्धेमुर्धे मानून घेतले. १९५० च्या सुमारास ते गाजावाजा न करता पक्षापासून दूर झाले. वाव्हिलोव यांच्या मरणावर त्यांनी जे बोलायला हवे होते ते बोलले नाहीत, आणि त्यांच्यावर प्रेम करणाऱ्या वाचकालाही हे गिळता येत नाही. मलाही येत नाही.

१९५७ मध्ये ते आणि हेलन कलकत्त्याला आले, प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये. ब्रिटनच्या सुएझवरच्या हल्ल्याचा निषेध हे त्यांनी जाहीर कारण सांगितले. खरे तर महूपासूनची ओढ होती. साठी उलटलेला, धिप्पाड, टकलाचा हा माणूस धोतर-कुडता घालू लागला, घरी शाकाहार पाळू लागला, महाभारतातले दाखले देऊ लागला, आणि १९६१ मध्ये भारताचा नागरिक झाला. आकाशवाणीवर सरदार पटेल स्मृती-व्याख्यानांत ते जीवसृष्टीची एकता आणि विविधता या विषयावर बोलले. माणूस आणि इतर प्राणी यांच्यात नाते मानणे भारतीय मनाला जड जात नाही, म्हणून डार्विन इथे युरोपपेक्षा सहज रुजायला हवा, असे त्यांचे म्हणणे होते.

भारतातल्या तरुण शास्त्रज्ञांना त्यांनी जे सांगितले ते मला त्यांच्या सगळ्या सार्वजनिक लेखनात मोलाचे वाटते. परदेशी यंत्रे येण्याची वाट पाहत बसू नका, डोळे, कागद आणि पेन्सिल एवढ्यावर पहिल्या दर्जाचे काम होते. आणि त्यांच्याभोवतीच्या तरुणांनी ते करून दाखवले. टी. ए. डेव्हिस यांनी हजारो माडांच्या झावळ्या पाहिल्या: काही माडांत त्या डावीकडून वळत जातात, काहींत उजवीकडून. कोकणातला माणूस जन्मभर माडाखाली राहतो. किती जणांनी हे मोजले असेल? हा फरक आईबापांकडून येत नाही, आणि डाव्या वळणाचे माड नारळ थोडे जास्त देतात, असे डेव्हिस यांना आढळले. कृष्ण द्रोणमराजू यांनी घाणेरीच्या झुडपांपाशी बसून कोणत्या रंगाच्या फुलावर कोणते फुलपाखरू जाते याची नोंद ठेवली. एस. के. रॉय यांनी एकाच शेतात भाताचे वेगवेगळे वाण मिसळून लावले तर उत्पन्नात काय फरक पडतो हे तपासले. सुरेश जयकर यांनी हॉल्डेन यांच्याबरोबर, कधी याला तर कधी त्याला साथ देणाऱ्या निवडीत दोन्ही वाण कसे टिकून राहतात, याचे गणित १९६३ मध्ये मांडले. त्याच जयकरांनी हेलन यांच्यासह माळटिटवीच्या घरट्यांवर पाळत ठेवली. भर उन्हाळ्यात उघड्या रानात अंडी घालणारा हा पक्षी पोटाची पिसे भिजवून येतो आणि अंडी थंड ठेवतो. तो लेख १९६५ साली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’ हे १९१० मध्ये निघालेले नियतकालिक हॉल्डेन येताना आपल्याबरोबर घेऊन आले. आता ते बंगळुरूच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसकडून निघते.

भांडणे इथेही झाली. इन्स्टिट्यूटच्या कारभाराशी त्यांचे पटेना, १९६१ मध्ये ते बाहेर पडले. पुढच्या वर्षी मुख्यमंत्री बिजू पटनाईक यांच्या निमंत्रणावरून भुवनेश्वरला गेले आणि तिथे आनुवंशिकीची प्रयोगशाळा उभारू लागले. १९६३ च्या अखेरीस गुदाशयाचा कर्करोग निघाला. लंडनला शस्त्रक्रिया झाली. लोकांनी लाजून दुखणे अंगावर काढू नये, वेळेत डॉक्टरकडे जावे, म्हणून त्यांनी रुग्णालयातूनच आपल्या कर्करोगावर एक हसती कविता लिहिली, ती ‘न्यू स्टेट्समन’ने छापली. बीबीसीसाठी स्वतःचा मृत्युलेखही स्वतःच कॅमेऱ्यासमोर बोलून ठेवला. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला ते गेले. देह त्यांच्या इच्छेप्रमाणे काकिनाड्याच्या रंगराय मेडिकल कॉलेजात विद्यार्थ्यांसाठी पाठवण्यात आला.

लेख कोणत्या क्रमाने वाचावेत, याविषयी थोडे. प्राण्यांच्या आकारावरचा निबंध पहिला वाचावा, त्यात हॉल्डेन यांची चाल लगेच कळते. मग भारतात लिहिलेले लेख घ्यावेत. जीवशास्त्राच्या पदवी वर्गात शिकणाऱ्या मुलामुलींनी तर ते आधी वाचून पावसाळा लागायच्या आत एखादे झाड मोजायला घ्यावे. युद्धकाळातले लेख वाचताना त्या वेळच्या इंग्लंडमधल्या बेकारीची आणि बाँबहल्ल्यांची आठवण ठेवावी, नाहीतर त्यांचा चढा स्वर विनाकारण वाटेल. लायसेन्कोविषयीचे लेख वगळावेत, असा सल्ला काहींनी दिला होता. ते ठेवावेत, असा आग्रह मी धरला, आणि ते सर्वांत शेवटी, सलग वाचावेत. आणि जिथे आकडे येतात तिथे पान उलटू नये. पेपर्ड मॉथचा हिशेब कागदावर करून पाहावा. त्याला बारावीचे बीजगणित आणि एक निवांत दुपार पुरते.